ऐनावरचा कोष

जयसिंगपूर स्टेशनाबाहेर उभे राहा. सरळ आखलेल्या गल्ल्या, उसाच्या ट्रॉल्या, मिरजेकडे निघालेली गाडी. आता एकेक पुसत मागे चला. आधी उसाच्या ट्रॉल्या जातात. मग शाहू महाराजांनी वडील जयसिंगरावांच्या नावाने वसवलेलं हे गावच जातं. 1891 ओलांडून मागे गेलात की रूळही नाहीसे होतात. साल 1830. काळ्या रानात तुम्ही एकटे.

पंचगंगा धरून मावळतीकडे निघा. कोल्हापूर मागे टाकून भोगावतीच्या काठाने वर चढलात की दाजीपूरचं रान लागतं. चैत्र आहे, ऐनाची झाडं उघडीबोडकी उभी आहेत. वर बघा: फांदीला कबुतराच्या अंड्याएवढं, राखी पिवळं काहीतरी लोंबतंय. हा टसर रेशमाच्या पतंगाचा कोष. त्याचा देठ नीट न्याहाळा. काळपट, ताठ, आणि टोकाला फांदीभोवती घट्ट बसलेलं कडं. कोष विणण्याआधी अळीने हे कडं रेशमाचंच करून घेतलंय. झाडाची पानं गळतात, कोष तिथेच राहतो. आतला जीव पावसापर्यंत निजून असतो.

"या पाव्हणं, बसा."

वाडीतल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर तोड्याची बंदूक आहे. पाण्यात भिजवलेला कोष तो हातात घेतो, एका टोकाला सुरी लावतो आणि गोल गोल फिरवत कापत जातो. एवढ्याशा कोषातून लांबच लांब वादी निघते. ओली असतानाच तो ती नळी आणि दस्ता यांच्याभोवती आवळतो. "चामड्याची वादी पावसात सडती. हिला काय हुत न्हाई बघा."

याच वर्षांत कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम हेन्री सायक्स दख्खनची पाहणी करत हिंडतोय. मराठे कोषाच्या वाद्यांनी बंदुका बांधतात, हे त्याने टिपलं. ही अळी ऐन, साग, बोर, तुती अशा वेगवेगळ्या झाडांवर वाढते, हेही टिपलं. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्याचा निबंध 1830 च्या दशकात छापला. मला यातली झाडांची नावं सर्वांत मोलाची वाटतात. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या ढगाळ जंगलांत याच घराण्यातले कितीतरी पतंग आहेत. त्यांतल्या अनेकांना शास्त्रीय नाव मिळालंय, पण अळी कुठल्या झाडाचा पाला खाते ते आजही कुणी लिहिलेलं नाही. झाड माहीत नसेल तर त्या पतंगाला वाचवायचं कसं?

आता ऐनावरच्या कोषाकडे परत या आणि दोन महिने पुढे सरका. पाऊस लागलाय, रात्र आहे. कोषाचं देठाकडचं टोक ओलं होतं. पतंग तोंडातून पाझरणाऱ्या रसाने रेशमाचा चिकटा सैल करतो आणि धागे बाजूला सारत बाहेर येतो. चारही पंखांवर एकेक पारदर्शक ठिपका. ही मादी आहे. तिचं तोंड खाण्याच्या कामाचं नाही. अळी असताना जे खाल्लं, त्यावर थोडेच दिवस निघायचे. ती उडत नाही, जागच्या जागी बसून गंध सोडते. पिसांसारख्या मिशांचा नर काळोखातून त्या गंधाच्या मागावर येतो.

दाजीपूरचं हे रान 1958 पासून अभयारण्य आहे. उन्हाळ्यात तिकडे गेलात तर निष्पर्ण ऐनांकडे मान वर करून बघा. कोष दिसला तर तोडू नका. देठाजवळ भोक असेल तर पतंग निघून गेलाय. नसेल, तर तो आत असण्याची शक्यता आहे.