इरई-झरपटच्या काठावरील गोंडकालीन चंद्रपूर

आर्वी, पुलगावचा परिसर मागे टाकून वर्धा नदी दक्षिणेकडे वळते आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यात इरई नदी तिला येऊन मिळते. याच इरई आणि तिची उपनदी झरपट यांच्या दुआबात गोंड राजांनी आपली राजधानी वसविली. ताडोबाकडे जाणारे बहुतेक पर्यटक चंद्रपूर ओलांडून थेट जंगल गाठतात. कोळसा आणि वीज यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या शहराच्या पोटात एक आखीव तटबंदीचे नगर आजही उभे आहे, याची अनेकांना कल्पना नसते.

नगराच्या स्थापनेची कथा

पंधराव्या शतकात गोंडांची राजधानी वर्धा नदीकाठच्या बल्लारपूर येथे होती. राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. शिकारीच्या वेळी झरपटच्या कुंडातील पाण्याने त्याचा दाह शमला आणि तेथेच अंचलेश्वराचे स्थान सापडले, अशी आख्यायिका आहे. त्याच परिसरात एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला. ते ज्या मार्गाने धावले, त्या मार्गावर राणीच्या सल्ल्याने कोट बांधण्याचे ठरले, असेही सांगितले जाते. तटबंदीचे काम पुढे काही पिढ्या चालले.

चार दरवाजे, पाच खिडक्या

घडीव दगडांच्या या परकोटाला उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे आहेत. याशिवाय बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर या नावांच्या पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे आहेत. दरवाजांवर कोरलेले हत्ती आणि सिंहाचे शिल्प हे गोंड राजसत्तेचे चिन्ह होय. हत्तीला नमविणारा हा सिंह जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजांवर विशेष निरखून पाहावा.

१७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून हा कोट घेतला. मात्र नद्यांच्या पुराशी त्याचा सामना कधी संपला नाही. २००६, २०१३ आणि २०२२ च्या पावसाळ्यात शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. इरईचे पाणी चढले की पठाणपुरा दरवाजाबाहेरचा रस्ता बंद पडतो. कोटाच्या आतील जुनी वस्ती उंचावर का वसविली असावी, हे अशा वेळी उमगते.

राणी हिराईची वास्तुसंपदा

चंद्रपूरच्या सर्वांत देखण्या वास्तू एका राणीच्या नावावर आहेत. राजा बीरशहाची हत्या झाली. त्याला पुत्र नव्हता. राणी हिराईने दत्तक पुत्र रामशहा याच्या नावे राज्यकारभार सांभाळला आणि पतीची भव्य समाधी उभारली. अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्यांचे आवार आहे. त्यात बीरशहाची समाधी आकाराने आणि डौलाने उठून दिसते. घुमट, कमानी आणि जाड भिंती यांमुळे तिचे रूप मोगलकालीन मकबऱ्यांची आठवण करून देते. राजवंशाच्या स्मारकात दोन परंपरांचा असा मेळ विदर्भात क्वचितच आढळतो.

शेजारच्याच अंचलेश्वर मंदिराचा जीर्णोद्धारही हिराईच्या काळातला. मंदिराच्या बाह्य भिंतींवरील लहान लहान शिल्पपट थांबून पाहण्यासारखे आहेत. झरपटच्या काठावरील महाकाली मंदिर हेही तिचेच काम. चैत्रात येथे भरणाऱ्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेड परिसरातून, भाविकांचे जथेच्या जथे येतात.

लालपेठचे अपूर्ण स्वप्न

कोटाबाहेर लालपेठ भागात अखंड दगडांत कोरलेल्या महाकाय मूर्ती उघड्यावर आहेत. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याने भव्य शिवमंदिर बांधण्याच्या इराद्याने त्या घडविल्या. परंतु मंदिर उभे राहण्यापूर्वीच त्याचे निधन झाले, असे सांगतात. यातील दशमुखी दुर्गेची आडवी मूर्ती सुमारे २५ फूट लांब आहे. दहा तोंडांमुळे लोक तिला रावण समजतात.

गोंड राजांच्या राजवाड्याच्या जागी आज जिल्हा कारागृह आहे. इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणारे बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी येथेच फाशी देण्यात आली. दरवर्षी त्या दिवशी आदिवासी बांधव येथे अभिवादनासाठी जमतात.

जतनाचा प्रश्न

परकोट आणि समाध्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तरीही तटावर वर्षानुवर्षे झाडेझुडपे माजली होती. १ मार्च २०१७ पासून स्थानिक इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी परकोटाची स्वच्छता हाती घेतली. पंतप्रधानांनी त्याच वर्षी ‘मन की बात’ या कार्यक्रमात या कामाची दखल घेतली. स्वच्छतेनंतर बुरुजांवरून फिरणे शक्य झाले.

दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. मैलोन्मैल पसरलेल्या कोटालगत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना जुने घर पाडून नवे बांधणे त्यामुळे अवघड होते. जटपुरा दरवाजातील वाहनांची कोंडी तर रोजचीच. वारसा राखायचा तर त्याच्या सावलीत राहणाऱ्यांची सोयही पाहावी लागेल. नागरिकांना हा कोट अडथळा वाटू लागला, तर कोणताही कायदा त्याला फार काळ वाचवू शकणार नाही.

कसे जाल?

चंद्रपूर हे सेवाग्राम-बल्लारशा लोहमार्गावरील स्थानक आहे. आर्वीकरांनी रस्त्याने वर्धा किंवा सेवाग्राम गाठून पुढे रेल्वेने जाणे सोयीचे. अंचलेश्वर, समाध्या आणि महाकाली मंदिर जवळजवळ असल्याने एका सकाळी पाहून होतात. दुपारनंतर लालपेठ, आणि वेळ उरल्यास वर्धा नदीच्या काठावरील बल्लारपूरचा किल्ला पाहावा. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.