निगडीचा पाला : तळटीप

* पोटऱ्यांत गोळे आले की आजी मुलुंडच्या चाळीमागून जो पाला आणवते, तो निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा (व्हायटेक्स निगुंडो). हे मोठे झुडूप ओढ्याकाठी आपोआप वाढते, कुंपणालाही लावतात. एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका, वरून हिरव्या, खालून पांढुरक्या; फुले निळसर जांभळी. पान चुरगळले की असा उग्र वास सुटतो की गुरेही सहसा तोंड लावत नाहीत. पाला तव्यावर गरम करून बांधायचा, नाहीतर उकळत्या पाण्यात टाकून शेक घ्यायचा. पाल्याचा रस तिळाच्या तेलात आटवला की निर्गुडी तेल होते. कीर्तिकर-बसूंच्या १९१८ सालच्या वनौषधिग्रंथात हे झुडूप आहेच. मात्र गोळा बहुधा काही मिनिटांत आपणहून सुटतो, पाऊल वर ओढून पोटरी ताणली तर लवकरच. तेव्हा आजी देते तेवढे सगळे श्रेय पाल्याला देता येत नाही. शेकाचा आराम मात्र खरा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून पाला तोडून आणणे वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) निषिद्ध आहे. निगड फांदी खोचूनही लागते, कुंडीतही जगते. — संपा.