गुडघ्याची कूर्चा पुन्हा तयार करता येते का? डॉ. लार्स पीटरसन यांचे काम आणि तुमचा गुडघा

'गुडघ्यातले वंगण संपले' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, म्हणजेच कूर्चा, झिजलेली असते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे त्वचेसारखी तिची जखम भरून येत नाही. लंडनच्या विल्यम हंटर यांनी हे १७४३ मध्येच लिहून ठेवले होते.

या अडचणीवर ज्यांनी आयुष्यभर काम केले, त्यांत स्वीडनमधील गोथेनबर्गचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. लार्स पीटरसन यांचे नाव महत्त्वाचे आहे. ते मुळात खेळाडूंचे डॉक्टर. पेर रेनस्ट्रॉम यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले क्रीडा दुखापतींवरचे पुस्तक जगभर वापरले गेले. कूर्चेला खड्डा पडलेला खेळाडू तरुण असतो, कृत्रिम सांध्याचे त्याचे वय नसते, आणि नुसत्या गोळ्यांवर त्याचे भागत नाही.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पीटरसन यांनी न्यूयॉर्कमध्ये सशांवर प्रयोग केले. सशाच्याच कूर्चेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून खड्ड्यात सोडल्या, तेव्हा सुमारे ८२ टक्के भाग भरला. पेशी न सोडलेल्या गुडघ्यात फक्त १८ टक्के. मग १९८७ मध्ये गोथेनबर्गमध्ये पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली. पद्धत अशी: दुर्बिणीतून गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या जागेतून कूर्चेचा लहान तुकडा घ्यायचा, त्यातील पेशी काही आठवडे वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात बसवायच्या. तेव्हा वर हाडाच्या आवरणाचा पातळ तुकडा शिवत. आता बहुतेक ठिकाणी कोलॅजेनचा पडदा वापरतात.

१९९४ मध्ये पहिल्या २३ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला फायदा झाला होता. गुडघ्याच्या वाटीवर खड्डा असलेल्या ७ पैकी मात्र फक्त दोघांना. माझ्या मते रुग्णांनी हा दुसरा आकडा जास्त लक्षात ठेवावा. वाटी एका बाजूला सरकत असेल तर नवी कूर्चाही तिथेच घासली जाते. पुढे पीटरसन यांनी वाटीची रेषा सुधारण्याची शस्त्रक्रियाही सोबत करायला सुरुवात केली आणि निकाल सुधारले. गाडीचे टायर एका बाजूने झिजत असेल, तर नुसते टायर बदलून चालत नाही, अलाइनमेंटही करावी लागते, तसेच हे. म्हणून डॉक्टरांनी कंबरेपासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा एक्स-रे सांगितला, किंवा आधी फाटलेला लिगामेंट वा पायाचा बाक दुरुस्त करू म्हटले, तर तो वाढीव खर्च समजू नका.

२०१० मध्ये त्यांनी १० ते २० वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांची माहिती दिली. ३४१ पैकी २२४ जणांनी उत्तरे पाठवली. त्यातील ७४ टक्के लोकांनी प्रकृती पूर्वीइतकीच किंवा आणखी चांगली असल्याचे सांगितले. आकडा दिलासा देणारा आहे, पण उत्तर न पाठवलेल्यांचे काय झाले ते त्यात नाही, आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता.

आता आई-वडिलांसाठी चौकशी करणाऱ्यांना स्पष्ट सांगतो. हा उपचार तरुण किंवा मध्यमवयीन गुडघ्यातील मर्यादित खड्ड्यासाठी आहे. पासष्टीत दोन्ही हाडे घासली जात असतील, सांधा वाकडा झाला असेल, तर त्याचा उपयोग नाही. तिथे वजन, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, औषधे आणि गरज पडल्यास सांधेबदल हाच मार्ग. जाहिरातीतले 'स्टेम सेल इंजेक्शन' म्हणजे हीच पद्धत, असेही समजू नका. त्यासाठी दागिने मोडण्याआधी दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांचे मत घ्या.

भारतातही हा उपचार मिळतो. खर्च बराच आहे, त्यामुळे विमा कंपनीकडून मंजुरी आधी लेखी घ्या. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कुबड्या लागतात, फिजिओथेरपी महिनोन्‌महिने चालते आणि पळायला किंवा मैदानावर उतरायला साधारण वर्ष लागते. तुमचे काम उभ्याचे असेल, तर किती दिवस रजा लागेल हे तारीख ठरवण्याआधीच विचारून घ्या.