पटावरील मुलगी : रोहिणी खाडिलकर

बुद्धिबळाच्या मराठी पटाकडे नीट पाहिलें, तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. तेथें राजा आहे, वजीर आहे, हत्ती, घोडे, उंट व प्यादीं आहेत. स्त्री मात्र एकहि नाहीं. ज्या मोहऱ्यास इंग्रज लोक राणी म्हणतात, त्यासच आपल्याकडे वजीर हें पुरुषी नांव आहे. जशी पटावर, तशीच पटाभोंवतींहि स्थिति असे. वैनगंगेच्या कांठच्या भंडाऱ्यापासून कृष्णेच्या कांठच्या सांगलीपर्यंत वाड्यांच्या ओसरीवर डाव रंगत. परंतु ते बहुधा पुरुषांचे. घरांतील स्त्रियांचा त्यांच्याशीं संबंध येई तो पानें वाढल्याची चारदां हाक मारण्यापुरताच. ही रीत ज्या मुलीनें उघडपणें मोडली, तिची हकीकत आतांशा पुष्कळांच्या विस्मरणांत गेली आहे.

रोहिणी खाडिलकर हिचा जन्म १९६३ सालचा. नाटककार व ‘नवाकाळ’ पत्राचे संस्थापक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे तिचे पणजोबा, आणि पुढें त्याच पत्राचें संपादकत्व करणारे नीलकंठ खाडिलकर हे तिचे वडील. मुंबईच्या या घरांत वासंती, जयश्री व रोहिणी अशा तिघी बहिणी. तिघींनींहि हा खेळ हातीं धरला. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ सालीं बंगलोरास भरली. तेथेंच वासंतीनें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. पुढील वर्षीं तें जयश्रीकडे आलें, आणि १९७६ सालीं रोहिणीकडे. तेव्हां तिचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें.

एवढ्यावर गोष्ट थांबती, तर एका घराण्याचें कौतुक होऊन प्रकरण संपलें असतें. परंतु त्याच वर्षीं रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत खेळावयास बसली. असें करणारी ती पहिलीच भारतीय स्त्री. त्यावरून मोठा गहजब झाला, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. स्त्रियांसाठीं निराळी स्पर्धा असतां मुलीनें पुरुषांत कां यावें, हा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड वाटतो. परंतु थोडा विचार केला म्हणजे त्यांतील पोकळपणा कळून येतो. कुस्तींत वजनाचा व बळाचा भेद मानावा लागतो. पटावर तसें कांहीं नाहीं. चौसष्ट घरें दोघांनाहि सारखींच, आणि घड्याळहि दोघांना सारखाच वेळ देतें. शिवाय हा खेळ वाढतो तो आपल्याहून वरचढ प्रतिस्पर्ध्यापुढें बसल्यानें. जिला तशी बैठकच मिळावयाची नाहीं, तिची बुद्धि उणी ठरविणें हा न्याय नव्हे. न्यायालयांत रोहिणीची बाजू टिकली, आणि पटावर तिनें राज्यविजेत्यांनाहि हार खावयास लावली.

या वादाचे पडसाद सातासमुद्रांपलीकडे उमटले. जागतिक बुद्धिबळ संघाचे अध्यक्ष त्या वेळीं हॉलंडचे डॉ. मॅक्स यूवे हे होते. राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना स्त्री म्हणून वगळतां येणार नाहीं, असा निर्णय त्यांनीं दिला. या निर्णयास एक मौजेची पूर्वपीठिका आहे. स्त्रियांतील पहिली जगज्जेती वेरा मेंचिक ही १९२९ सालीं कार्ल्सबाडच्या स्पर्धेंत पुरुषांबरोबर खेळावयास आली, तेव्हां आल्बर्ट बेकर नांवाच्या खेळाडूनें थट्टा केली कीं, हिच्याकडून जे हरतील त्यांचा एक क्लबच काढूं. त्या क्लबाचा पहिला सभासद तोच झाला! पुढें पंजाबचे मीर सुलतान खान हेहि तिच्याकडून हरले. आणि १९३५ सालीं जगज्जेते झालेल्या यूवेसाहेबांना तर त्यापूर्वीं हेस्टिंग्ज येथें तिनें दोनदां हरविलें होतें. स्त्रीच्या बुद्धीचा पुरावा मागण्याचें कारण त्यांना उरलें नव्हतें.

रोहिणीनें पुढें हा मान सार्थ केला. १९७७, १९७९, १९८१ व १९८३ या सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद पुन्हां मिळवून तिनें तें एकंदर पांच वेळां आपल्या घरीं आणलें. १९८१ सालीं हैदराबाद येथें आशियाई स्पर्धेंत एकहि डाव न गमावतां १२ पैकीं साडेअकरा गुण घेऊन ती विजयी झाली. १९८३ सालीं क्वालालंपूर येथें तिनें तोच पराक्रम पुन्हां केला. अर्जुन पुरस्काराचाहि तिला लाभ झाला. पुढें रोहिणीबाईंनीं खेळ सोडला, जर्मनींत मुद्रणकलेचें शिक्षण घेतलें, आणि १९९८ सालीं ‘संध्याकाळ’ या सायंदैनिकाचें संपादकत्व पतकरलें. पणजोबांचा वारसा अशा रीतीनें दोहों अंगांनीं त्यांच्याकडे आला.

अशीच गोष्ट पूर्वेकडील देशांतहि घडली आहे. काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा ‘गो’ हा खेळ कोरियांत मोठ्या प्रतिष्ठेचा. तेथें २००० सालीं चीनच्या रुई नायवेई या स्त्रीनें आधीं ली चांग-हो व नंतर चो हुन-ह्युन या दोन दिग्गजांना मागें सारून ‘कुक्सू’ हें मानाचें पद जिंकलें. तीहि पुरुषांच्याच पंगतीला बसली होती.

कायद्यानें दार उघडलें, तरी आंत येणाऱ्यांची गर्दी एकदम होत नाहीं. २८ जुलै २०२५ रोजीं भंडाऱ्याच्या शेजारच्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियांतील बातुमी येथें कोनेरू हंपीस हरवून स्त्रियांचा विश्वचषक जिंकती झाली, व त्याबरोबरच ग्रँडमास्टर ठरली. ही पदवी स्त्रीपुरुष असा भेद न करणारी आहे. परंतु तोंवर भारतांत ती मिळविणारे ८७ जण होऊन गेले होते, आणि त्यांत स्त्रिया अवघ्या तीन होत्या. रोहिणीनें पुरुषांच्या स्पर्धेंत पाऊल टाकल्यास तेव्हां जवळजवळ पन्नास वर्षें झालीं होतीं. ज्या घरांत आज पट मांडलेला असेल, तेथें मुलग्याबरोबर मुलीलाहि समोर बसविलें जातें कीं नाहीं, यावरच ही संख्या पुढें किती वाढेल तें ठरावयाचें आहे.