भाषेच्या सीमेवर अडलेले सरकार : बेल्जियम, २०१०-११

भाषेचा प्रश्न पोटाच्या प्रश्नापुढे गौण आहे, असे आम्हा सीमावासीयांना वारंवार ऐकविले जाते. हा उपदेश करणाऱ्यांनी बेल्जियमचा अलीकडचा इतिहास अवश्य वाचावा.

बेल्जियमच्या उत्तरेस डचभाषक फ्लँडर्स, दक्षिणेस प्रामुख्याने फ्रेंचभाषक वालोनिया आणि फ्लँडर्सने वेढलेले द्वैभाषिक ब्रसेल्स. १९४७ पर्यंत तेथील जनगणनेत भाषेची नोंद होत असे आणि त्या आकड्यांवर गावांचा भाषिक दर्जा ठरे. त्यामुळे फ्रेंचचे क्षेत्र वाढत जाते, या फ्लेमिश जनतेच्या रोषामुळे ती नोंद बंद झाली आणि १९६२-६३ च्या कायद्यांनी भाषिक सीमा कायम केली. रेषा स्थिर झाली, माणसे झाली नाहीत. अनेक फ्रेंचभाषक कुटुंबे ब्रसेल्सभोवतीच्या फ्लेमिश उपनगरांत राहावयास गेली. अशा सहा गावांत त्यांना फ्रेंचमधून कारभाराच्या सवलती होत्या.

बेल्जियममध्ये मतदार सहसा आपल्याच भाषागटाच्या पक्षांना मत देतो. ब्रसेल्स-हाले-व्हिल्वोर्द या मतदारसंघात मात्र राजधानीसह फ्लँडर्समधील ३५ गावे एकत्र होती. आमच्या भूमीवर फ्रेंच पक्ष मते मिळवितात, ही फ्लेमिशांची तक्रार; विभाजन झाले तर आपल्या माणसाला मत देता येणार नाही, ही फ्रेंचभाषकांची भीती. २००३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने दोष दाखविला, पण तोडगा निघेना. अखेर एप्रिल २०१० मध्ये याच वादावरून इव्ह लेतेर्म यांचे सरकार कोसळले.

१३ जून २०१० च्या निवडणुकीत १५० पैकी २७ जागा बार्ट द वेवर यांच्या फ्लेमिश राष्ट्रवादी पक्षास, तर २६ जागा एलियो दि रुपो यांच्या फ्रेंचभाषक समाजवादी पक्षास मिळाल्या. एकास संघराज्य सैल हवे होते, दुसऱ्यास टिकवावयाचे होते. राजे दुसरे आल्बेर यांनी एकामागून एक मध्यस्थ नेमले. बोलणी पुन्हा पुन्हा फिसकटली. काळजीवाहू सरकारनेच युरोपीय संघाचे अध्यक्षपद सांभाळले. सप्टेंबर २०११ मध्ये मतदारसंघाच्या विभाजनावर तडजोड झाली. नोव्हेंबरात देशाचे पतमानांकन घसरताच अर्थसंकल्पावरही एकमत झाले आणि ६ डिसेंबर २०११ रोजी, ५४१ दिवसांनी, दि रुपो पंतप्रधान झाले. सर्वांत मोठा पक्ष सहा पक्षांच्या या सरकारबाहेरच राहिला.

आम्हास महत्त्वाची वाटते ती तडजोड. मतदारसंघ विभागला गेला. परंतु त्या सहा गावांतील रहिवाशांना ब्रसेल्समधील उमेदवारांना मत देण्याचा अधिकार राहिला. सीमा न हलविताही सीमेपलीकडच्या माणसाचा हक्क कायद्यात लिहिता येतो, हे त्यातून दिसले.

आमची मागणी सवलतींवर थांबणारी नाही; महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण निकाल लागेपर्यंत बेळगावच्या मराठी माणसाला सरकारी कागदपत्रे मराठीत मिळावीत, एवढेही घडू नये? बेल्जियममध्ये फ्रेंचभाषकांचे पक्ष संख्येने कमी असूनही त्यांच्या संमतीवाचून तोडगा निघाला नाही, कारण राज्यघटनेने दोन्ही भाषागटांना मंत्रिमंडळात समान स्थान दिले आहे. आमच्यापाशी तसे कवच नाही. म्हणूनच आपली एकजूट हेच आपले कवच, हे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी बांधवांनी ध्यानी धरावे.