तळटीप १७ : 'त्या वर्षीचे दोन बाँड'

१७. वर्ष १९८३. ईऑन या नेहमीच्या निर्मितीसंस्थेचा 'ऑक्टोपसी' जूनमध्ये आला. त्यात रॉजर मूर, पार्श्वभूमीला उदयपूर आणि सोबत कबीर बेदी व टेनिसपटू विजय अमृतराज. ऑक्टोबरमध्ये 'नेव्हर से नेव्हर अगेन'मधून शॉन कॉनरी बारा वर्षांनी बाँडच्या भूमिकेत परतला. 'थंडरबॉल'च्या (१९६५) कथेचे हक्क केव्हिन मॅक्लोरीकडे असल्याने हा चित्रपट ईऑनबाहेर निघू शकला. म्हणूनच तो अधिकृत मालिकेत धरला जात नाही. लेखकाने 'म्हातारा बाँड' म्हटले आहे ते कॉनरीला. प्रत्यक्षात मूरच त्याच्याहून जवळजवळ तीन वर्षांनी मोठा. तिकीटबारीवर मूर सरस ठरला. कॉनरीची धार मात्र, प्रस्तुत संपादकाच्या मते, मूरच्या मिस्कीलपणाला कधीच आली नाही.