वालधुनी : एका नदीच्या ऱ्हासाचा इतिहास

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातील आहे. ज्या वालधुनीच्या काठी हे मंदिर उभे राहिले, तिला आज अनेकजण नालाच समजतात. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांचे उल्हासनगर वसले. पुढे कारखाने वाढले, परंतु सांडपाण्याची व्यवस्था त्या प्रमाणात झाली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवासी बाधित झाले. ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्था व प्रक्रिया केंद्रांना सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. तथापि उल्हास नदीचे पाणी बदलापूरच्या बॅरेजवरून पिण्यासाठी उचलले जाते, त्यामुळे तिच्या शुद्धीची निकड प्रशासनास जाणवते. वालधुनीबाबत ती निकडच नाही.